नोटिफिकेशन्स बंद केली, तरी कामात लक्ष का लागत नाही?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काम हिशोब जुळवण्याचं आहे, आणि महिनाअखेरीला ते सलग दोन-तीन तास डोकं लावून करावं लागतं. पण मेल, ऑफिसचं चॅट आणि मोबाइल मिळून दिवसभर काही ना काही वाजत, चमकत असतं. खरं काम हातात येतं ते संध्याकाळी सगळे गेल्यावर. वैतागून तुम्ही सगळी नोटिफिकेशन्स बंद करून टाकली. तिसऱ्या दिवशी टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "मेसेज बघत नाही का?" आणि तुम्हाला त्याहून जास्त खटकलं ते हे की, काही वाजत नसतानाही तुम्ही दर पाच-दहा मिनिटांनी स्वतःच चॅट उघडून बघत होतात. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझ्यातच एकाग्रता कमी आहे का?"

तसं मला वाटत नाही. तुमच्या बाबतीत जे झालं ते अनेकांच्या बाबतीत होतं आणि ते तपासूनही झालंय. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या शमसी इक्बाल आणि एरिक हॉरविट्झ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना मेलची सूचना बंद करायला लावली होती. काही जण त्यामुळे मेल कमी वेळा बघू लागले. काही जण मात्र उलट जास्त वेळा उघडून बघायला लागले. सूचना येत होती तोपर्यंत त्यांना एक खात्री होती की काही आलं तर कळेल. ती गेली, म्हणून ते स्वतःच पहाऱ्यावर बसले. तुम्हीही तेच केलंत.

माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरुवातीची काही वर्षं सपोर्ट डेस्कवर काढली, मग बरीच वर्षं प्रोग्रामिंग केलं, आता एक टीम सांभाळतो. म्हणजे आधी व्यत्ययांवरच पोट भरलं, मग व्यत्ययांनी हैराण झालो, आणि हल्ली खरं सांगायचं तर टीममधल्या लोकांच्या कामात सगळ्यात जास्त व्यत्यय मीच आणतो. त्यामुळे तुमची बाजू कळते तशी तुमच्या लीडचीही कळते.

मला तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. पहिला, कोणाला तुमचं उत्तर किती वेळात हवं असतं? दुसरा, काम तुटलं तर तुम्ही परत त्याच जागी कसे येता? तुम्ही घंटी बंद केलीत. पण पहिला प्रश्न कोणाशी बोलून ठरवला नव्हता, म्हणून डोकं तो आतल्या आत विचारत राहिलं. आणि दुसऱ्याचा विचार फारसा कोणी करतच नाही, तरी माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ जातो तो तिथेच.

आधी एक कबुली. पुढे सांगतोय ते तुमच्यासारख्या कामाला लागू आहे, जिथे अर्ध्या तासाने दिलेल्या उत्तराने कोणाचं बिघडत नाही. सपोर्टवर असताना माझं कामच फोन उचलणं होतं; तिथे 'मी दोन तास कोणाशी बोलणार नाही' म्हणणं म्हणजे काम न करणं. रुग्णालय, कंट्रोल रूम, सर्व्हरची देखरेख यांचंही तसंच. तुमच्या ऑफिसात कामाची वाटणी कशी आहे, तुमच्या उत्तरावर पुढे किती जण अडून बसतात, लीड स्वतः कोणाच्या दबावाखाली आहे, यावरही बरंच ठरेल. ते मला इथून दिसत नाही.

आता काम तुटतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. हे समजलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

हिशोब जुळवताना तुमच्या डोक्यात एका वेळी बऱ्याच गोष्टी धरून ठेवलेल्या असतात. कुठल्या ओळीपर्यंत आलो, कुठली रक्कम संशयास्पद वाटली, तिच्यासाठी कुठली पावती बघायची ठरवली होती, आणि ती सापडली नाही तर पुढे काय. यातलं काहीच कागदावर किंवा पडद्यावर नसतं. डोक्यातली ही जागा फार लहान आहे. एका वेळी चारेक गोष्टी मावतात असं मानसशास्त्रज्ञ मानतात. कोपऱ्यात पॉप-अप आला आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ दिसली, की ती ओळ वाचून होते. न वाचण्याचा पर्यायच नसतो, कारण ओळखीची लिपी डोळ्यांसमोर आली की ती वाचली जाते. वाचली की ती त्या चारांतल्या एकाला ढकलून आत बसते. तुम्ही मेसेज उघडला नाहीत तरी किंमत मोजून झालेली असते. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या २०१५च्या एका प्रयोगात एकाग्रता लागणारं काम करणाऱ्यांच्या फोनवर मधूनच सूचना आल्या. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी चुका वाढल्या, आणि त्या जवळजवळ फोन प्रत्यक्ष वापरताना होतात तितक्या वाढल्या.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका जुन्या नोकरीत असताना पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. डावीकडे चाचणीचा डेटाबेस, उजवीकडे खरा. चाचणीच्या टेबलमधल्या काही जुन्या नोंदी पुसायच्या होत्या. डिलीटच्या हुकमाची ओळ लिहिली, कुठल्या नोंदी पुसायच्या ती अट दोनदा तपासली, कॉपी केली, आणि तेवढ्यात चॅटचा पॉप-अप आला: "त्या क्लायंटचा आयडी काय होता रे?" उजव्या खिडकीत बघितलं, आयडी सांगितला. पाच-सात सेकंदांचा मामला. परत आलो, पेस्ट केलं, एंटर दाबलं. अशा वेळी किती नोंदी पुसल्या गेल्या त्याचा आकडा पडद्यावर येतो. मला शे-दोनशे अपेक्षित होत्या. आला तो पाच आकडी. पोटात गोळा आला. कर्सर उजव्या खिडकीतच राहिला होता. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण सगळं जागेवर आणेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांचा २०१४चा शोधनिबंध वाचनात आला आणि ती रात्र आठवली. त्यांनी ३०० लोकांना ठरलेल्या क्रमाने पायऱ्या करायचं एक काम दिलं आणि मध्येच काही अक्षरं टाइप करायला लावली. हा व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा होता. तेवढ्यानेही पायरी चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांवर ते तिप्पट झालं. लोक काम कसं करायचं ते विसरत नव्हते, आपण कुठल्या पायरीवर होतो ते विसरत होते. मीही डिलीट कसं करायचं ते विसरलो नव्हतो. कुठल्या खिडकीत होतो ते विसरलो.

म्हणून 'दोनच सेकंद तर लागतात, नुसतं डोकावून येतो' या वाक्यावर माझा आता विश्वास नाही. वेळेच्या हिशोबात ते दोनच सेकंद असतात हे खरं. पण मोजायचं ते वेळेत मोजून भागत नाही.

इथे त्या प्रसिद्ध २३ मिनिटांबद्दल बोललं पाहिजे, कारण कोणी ना कोणी तो आकडा तुमच्या तोंडावर फेकणारच. 'एकदा लक्ष मोडलं की परत लागायला २३ मिनिटं लागतात' असं सर्रास सांगितलं जातं. तो आकडा ग्लोरिया मार्क यांचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइनमधल्या या संशोधक लोकांच्या मागे बसून, घड्याळ लावून, ते दिवसभरात काय करतात त्याच्या नोंदी घेत. त्यांच्या निरीक्षणाचा अर्थ असा होता की, तुटलेलं काम पुन्हा हातात घेईपर्यंत सरासरी तेवढा वेळ जातो, आणि त्या मधल्या वेळात माणूस सहसा आणखी दोनेक कामं करून येतो. २३ मिनिटं डोकं बधिर होऊन पडतं असा त्याचा अर्थ नाही. एका मेसेजला उत्तर द्यायला गेलात, उत्तरासाठी एक फाइल उघडली, फाइल शोधताना दुसरी मेल दिसली, तिचं काम 'आता हातासरशी' उरकलं, आणि मग आठवलं की आपण हिशोब जुळवत होतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. रोग हा आहे.

आणि त्याच ग्लोरिया मार्क यांच्या २००८च्या प्रयोगात निघालेली गोष्ट मला २३ मिनिटांपेक्षा जास्त बोलकी वाटते, पण ती फारशी कोणी सांगत नाही. ४८ जणांना मेलना उत्तरं देण्याचं काम दिलं, काहींना मध्येमध्ये फोनने आणि चॅटने छेडलं. ज्यांना छेडलं त्यांनी काम उलट लवकर संपवलं! दर्जाही फारसा घसरला नाही. मात्र त्यांचा ताण, चिडचिड, घाई, सगळं वाढलं होतं. म्हणजे माणूस व्यत्ययांची भरपाई करतो, वेग वाढवून आणि स्वतःला ताणून. म्हणूनच तुमच्या लीडला वरून बघताना 'काम तर होतंय की' असंच दिसणार. तुम्ही संध्याकाळी पिळून निघता ते कुठल्याही रिपोर्टात येत नाही. लीडशी बोलाल तेव्हा हे लक्षात ठेवा. 'माझा वेळ वाया जातो' हा मुद्दा तिथे कदाचित टिकणार नाही, 'माझ्याकडून चुका होतील' हा टिकेल.

इथवरचं एकदा गोळा करतो: व्यत्यय छोटा असला तरी डोक्यातली जागा सुटते, सुटली की माणूस भलतीकडे जातो, आणि नुसती घंटी बंद केली तर पहाऱ्याचं काम डोक्यावर येतं. आता मी काय करतो ते सांगतो.

पहिला आठवडा फारसं काही बदलू नका, फक्त मोजा. कीबोर्डशेजारी एक साधी वही ठेवा. काम तुटलं की एक ओळ: कोणी तोडलं, कशासाठी, आणि ते किती वेळ थांबू शकलं असतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, आणि तो प्रामाणिकपणे भरा. तुम्ही स्वतःच चॅट उघडलंत तर 'मी' असं लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन गोष्टींनी चकित झालो. पानभर ओळींमध्ये खरोखर लगेच उत्तर लागणाऱ्या ओळी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. आणि 'मी' हा शब्द इतर कुठल्याही नावापेक्षा जास्त वेळा आला होता. तुमचंही असंच निघेल असं नाही, पण निघालं तर अपराधी वाटून घेऊ नका.

त्या 'मी'कडे नीट बघा, कारण त्याला एक वेळ असते. माझ्या वहीत जवळजवळ प्रत्येक 'मी' काम अवघड झालं त्या क्षणी आलेला होता. रक्कम जुळत नाही, का ते कळत नाही, आणि हात आपोआप चॅटच्या खिडकीकडे जातो. तिथे उत्तर सोपं असतं, कोणीतरी 'थँक्स' म्हणतं, काहीतरी संपवल्यासारखं वाटतं. याला इच्छाशक्तीने आवर घालायचा प्रयत्न मी करून पाहिला. दोन दिवस जमतो. त्याऐवजी आता वहीत 'चॅट' एवढा एक शब्द लिहितो आणि ज्या ओळीवर अडलो तिच्यासमोर नेमकं काय अडलंय ते लिहितो. बहुतेक वेळा लिहितालिहिताच सुटतं. नाही सुटलं तर सरळ उठतो, पाच मिनिटं चालून येतो. चालताना डोक्यात तोच हिशोब राहतो. चॅटमध्ये गेलो की दुसऱ्याचा प्रश्न घेऊन परततो.

मग सेटिंग्ज. यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण लोक इथेच सगळी शक्ती खर्च करतात. तत्त्व एवढंच: सगळं चालू किंवा सगळं बंद, ही दोन्ही टोकं टाळा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फोनवरची नोटिफिकेशन्स लोकांना वेगवेगळ्या पद्धतीने देऊन बघितली होती. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा मिळाली त्यांना बरं वाटलं, लक्षही जास्त लागलं. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना फारसा फायदा झाला नाहीच, उलट काहीतरी हुकतंय ही धास्ती वाढली.

आवाज आणि लाल आकडा यांच्याआधी पॉप-अपमधली ती 'पहिली ओळ' घालवा, ती सगळ्यात घातक. जुन्या (क्लासिक) आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल या वाटेने गेलात की मेल आल्यावर काय व्हावं त्याच्या चौकटी एकाच ठिकाणी सापडतात. तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. मेल हे तातडीचं माध्यम नाहीच. ऑफिसचं चॅट मायक्रोसॉफ्ट टीम्सवर असेल तर तिथे 'डू नॉट डिस्टर्ब' लावूनही ठरावीक माणसांना आत येऊ देता येतं. तुमच्या लीडचं नाव तिथे टाका. विंडोज ११मध्ये डू नॉट डिस्टर्बची वेळ आधीच लावून ठेवता येते, आयफोनवर २०२१पासून सूचना अडवून ठेवणारी 'फोकस' ही सोय आहे, अँड्रॉइडवर एकाच अ‍ॅपच्या वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना स्वतंत्रपणे बंद करता येतात. फोन मात्र चालू ठेवा, निदान ठरावीक नंबरांसाठी. खरोखर आग लागली तर कोणाला तरी तुमच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि तसं पोचता येतं हे तुमच्या डोक्यालाही माहीत असलं पाहिजे. पहारा सुटतो तो त्यामुळे.

मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवण्यापेक्षा खणात किंवा बॅगेत ठेवा. एवढ्याने पुरतं.

आता परत येण्याची वाट. तुमच्या हातात पूर्णपणे असलेली ही एकच गोष्ट आहे, कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून जरा जास्त लिहितो. कोणी बोलावलं, फोन वाजला, मीटिंगची वेळ झाली, तर उठण्याआधी दहा सेकंद घ्या आणि पुढची कृती लिहा. 'हिशोब चालू' असं नको. असं लिहा: 'ओळ ११४पर्यंत जुळलं. ११५ची रक्कम बँकेत दोनदा दिसते. आधी त्याच तारखेची पावती बघ, मग आदल्या महिन्याची नोंद.' ही चिठ्ठी तुम्ही अर्ध्या तासाने येणाऱ्या एका अनोळखी माणसाला लिहिताय असं समजा, कारण परत येणारा माणूस खरंच तितकाच अनोळखी असतो. समोर उभा असलेला माणूस दहा सेकंद थांबतो. 'एक मिनिट हं, एवढं लिहून घेतो' म्हटलं तर आजवर कोणी रागावलेलं मला आठवत नाही.

याचा दुसरा फायदा मला उशिरा कळला. सोफी लेरॉय या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळतो. विशेषतः ते अर्धवट राहिलं असेल तर. पुढे २०१८च्या अभ्यासात त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी हाच उपाय तपासला: काम सोडताना आपण कुठे होतो आणि परत आल्यावर काय करायचं ते थोडक्यात लिहून ठेवायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांचं मधलं, म्हणजे ज्यासाठी उठले ते कामही सुधारलं. मला हे मीटिंगमध्ये जाणवतं. चिठ्ठी न लिहिता गेलो तर समोरचा बोलत असतो आणि मी ११५व्या ओळीवर असतो.

माझ्या फजितीनंतर लावून घेतलेली आणखी एक सवय: एकदा केल्यावर मागे न्यायला कठीण अशा कुठल्याही कृतीच्या मध्ये व्यत्यय आला, तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही, ती कृती पहिल्या पायरीपासून करायची. कॉपी केलेलं टाकून द्यायचं, अट पुन्हा वाचायची, खिडकीचं नाव पुन्हा बघायचं. तुमच्या कामात पेमेंट पाठवणं, नोंद कायम करणं अशा जागा असतील. तिथे कानाला खडा लावून घ्या.

आता लीड. इथे थोडं विमानांकडे बघू. १९७४ साली अमेरिकेत शार्लट इथे उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं आणि ७०हून अधिक माणसं गेली. तपासात दिसलं की उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात वैमानिक राजकारण, जुन्या मोटारी अशा विषयांवर गप्पा मारत होते आणि उंचीकडे लक्ष नव्हतं. पुढे १९८१मध्ये तिथल्या विमान वाहतूक नियामकाने नियम केला: १०,००० फुटांखाली, उड्डाण आणि उतरण्याच्या काळात, कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं बोलणं आणि काम बंद. यात मला भावतं ते हे की, नियम 'एकाग्र राहा' असं सांगत नाही. कधीपासून कधीपर्यंत, आणि काय चालेल काय नाही, एवढंच सांगतो. वर गेल्यावर हवं तेवढं बोला.

तुमच्या लीडला हेच द्यायचं आहे: वेळेची चौकट आणि एक उघडं दार. बोलून झाल्यावर लेखी पाठवा. मी असतो तर असं काहीतरी लिहिलं असतं: "महिनाअखेरीच्या पाच दिवसांत रोज १० ते ११.३० माझं चॅट बंद असेल, तेवढ्या वेळात हिशोब जुळवण्याचं काम होईल. खरंच अडलं तर फोन करा, लगेच उचलला जाईल. बाकी सगळ्या मेसेजना ११.३० वाजता उत्तर मिळेल. दोन महिने करून बघू, अडचण वाटली तर वेळ बदलू." यात 'मला त्रास होतो' कुठेही नाही. सगळं 'तुम्हाला उत्तर कधी मिळेल' याबद्दल आहे. तुम्ही न सांगता बंद केलंत तेव्हा लीडला दिसली ती फक्त शांतता, आणि त्या शांततेचा अर्थ लावणं त्यांच्यावर आलं.

लीडच्या खुर्चीतून सांगतो, आम्ही पिंग करतो, म्हणजे चॅटवर छोटा मेसेज टाकतो, त्यातली बरीचशी पिंग्ज तातडीची नसतात. गोष्ट डोक्यातून निसटून जाईल या भीतीने केलेली असतात. माझ्या डोक्यात आलं, तुमच्याकडे ढकललं, मी मोकळा. माझ्या टीममधल्या एका नव्या मुलीने मला हे पहिल्यांदा दाखवून दिलं. म्हणाली, "सर, तुम्ही दिवसभरात सहा वेळा वेगवेगळं विचारता, ते सगळं एकत्र तीन वाजता विचारलंत तर चालेल का?" मी जरा ओशाळलो, पण मान्य केलं. आता मी एक यादी ठेवतो, आणि गंमत म्हणजे तीन वाजेपर्यंत त्यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मलाच सापडलेली असतात. (आणि कृपा करून कोणाला नुसतं 'हाय' पाठवून थांबू नका. समोरच्याचं काम त्याने मोडतं, आणि कशासाठी मोडलं तेही त्याला कळत नाही. जे विचारायचंय ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.)

चॅटवर न लिहिता जागेवर येऊन 'दोन मिनिटं आहेत का?' विचारणाऱ्यांसाठी माझं ठरलेलं उत्तर आहे: "हे संपवून साडेअकराला तुझ्याकडेच येतो." आणि मग खरंच जायचं, घड्याळ बघून. दोन-तीनदा शब्द पाळलात की लोक स्वतःच साडेअकरापर्यंत थांबायला लागतात. एकदा जरी विसरलात तरी पुढचा माणूस 'आत्ताच विचारून घेतो' म्हणून खुर्चीमागे उभा राहणार.

लीडने नाहीच म्हटलं तर? तेव्हा त्या आठवड्याची वही पुढे करा, त्यातला 'किती वेळ थांबू शकलं असतं' हा रकाना दाखवा. वाद मतांचा न राहता ओळींचा होतो. वहीतून उलटंच निघालं, म्हणजे तुमच्याकडे येणारी बरीच कामं खरोखर लगेच उत्तर मागणारी आहेत, तर मग हा एकट्याने सोडवायचा प्रश्नच नाही. सपोर्टवर आम्ही तेव्हा पाळ्या लावल्या होत्या. दर दिवशी एक जण दारावर, सगळे प्रश्न आधी त्याच्याकडे, बाकीचे आत निवांत. दारावरच्या माणसाने त्या दिवशी सलग डोकं लावायचं काम हाती घ्यायचंच नाही, आणि ते झालं नाही म्हणून त्याला कोणी बोलायचं नाही. हे दुसरं कलम आधी लेखी घ्या, नाहीतर पाळी म्हणजे शिक्षा होते.

तोवर बंद केलेलं चॅट परत चालू करा, फक्त पॉप-अपमधली पहिली ओळ तेवढी बंद ठेवा. उद्या सकाळी वही काढा. लीडशी बोलणं पुढच्या सोमवारी, हातात पाच दिवसांच्या नोंदी असतील तेव्हा.